दाबून धरलेलं बटण

माझ्या सासूबाईंचा श्वास मी कितीतरी वेळ ऐकत होते, आणि त्यांना एक शब्दही सांगू शकत नव्हते. त्या होत्या शेतात, ओढ्याकाठच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत. मी घराच्या स्लॅबवर. मधे उभा ऊस. हातात वॉकीटॉकी, त्यातून त्यांचं नाक ओढणं, बांगड्यांचा आवाज, देवाचं नाव, सगळं इतकं स्पष्ट येत होतं की त्या माझ्या खांद्याशी उभ्या आहेत असं वाटावं. आणि माझा आवाज मात्र त्यांच्यापर्यंत जात नव्हता. असं का, हे मला पुरतं ठाऊक होतं. ठाऊक असल्यानं भीती कमी होते असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे.

मी मूळची दौंडची. वडिलांचं स्टेशनजवळच्या बोळात दुरुस्तीचं दुकान. आधी रेडिओ, टीव्ही, मग मोबाईल. जत्रांच्या दिवसांत ते वॉकीटॉकीचे सेट भाड्यानं द्यायचे. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. दुकानाच्या फळीवर बसून मी अभ्यास करायचे आणि ते काम करता करता बोलायचे. शिकवायचं म्हणून नाही, बोलायला दुसरं कुणी नसायचं म्हणून. तार नसताना आवाज जातो कसा, हे मी शाळेच्या पुस्तकाआधी त्यांच्याकडून ऐकलं. सेटमध्ये विजेला फार वेगानं मागंपुढं नाचवतात, त्यातून तरंग उठतात आणि एरियलमधून सगळीकडं पसरतात. त्या तरंगांवर आपला आवाज लादून पाठवायचा. पलीकडं दुसरा सेट त्याच तालावर लावलेला असला, की त्याच्या एरियलमध्ये तसाच इवलासा नाच उमटतो आणि आवाज परत उतरवून घेता येतो. "बाकी मधे काय नसतंय," आण्णा म्हणायचे. "हवा बी लागत न्हाई. पण पत्र्यावर आपटून माघारी येतंय, आन् पाण्यात मरतंय."

आणि एक गोष्ट ते प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचे. हा फोन नव्हे. फोनवर दोघं एकदम बोलू शकतात. इथं एकच वाट. बटण दाबलं की सेट बोलतो, आणि बोलताना तो बहिरा असतो. बटण सोडलं तरच ऐकू येतं.

एकदा कुठल्याशा गावच्या जत्रेत आण्णांनी सेट दिले होते. तिथला एक कार्यकर्ता सेट मागच्या खिशात घालून बाकावर टेकला आणि त्याच्याच वजनानं बटण दाबलं गेलं. सगळ्या सेटांवर त्याचं उसाच्या रसवाल्याशी चाललेलं बोलणं. आधी लोक हसले. मग कळलं की कुणाची तरी लहान मुलगी गर्दीत हरवली आहे आणि ते कुणालाच कुणाला सांगता येत नाही, कारण वाट अडलेली. मुलगी पाळण्यापाशी सापडली, पण तोवर आण्णा गर्दीत एकेका माणसाचा खिसा बघत पळत होते. घरी आल्यावर ते एकेक सेट काढून त्याचं बटण तपासत बसले. आण्णांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढं मी डिप्लोमा केला, रांजणगावला एका कंपनीत सर्किट तपासायच्या लाईनवर काम केलं आणि लग्न होऊन निमोण्याला आले. सासरी शेती. ऊस, झेंडू, थोडी गवार, आणि पोल्ट्रीचं एक शेड. मुलगी झाल्यावर नोकरी सोडली. सासऱ्यांना मी पाहिलेलंच नाही, ते आधीच गेले. घरात सासूबाई, नवरा, मी आणि मुलगी. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तशीच रीत आहे.

आमची वस्ती गावापासून लांब, ओढ्याच्या अंगाला. उसात बिबट्या असतो हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण असतो असं माहीत असणं वेगळं, आणि ओसरीत बांधलेल्या कुत्र्याची सकाळी नुसती साखळी उरणं वेगळं. मग शेजारच्या वस्तीवर गवत कापताना एका बाईवर त्यानं झडप घातली. ती वाचली. दवाखान्यातून आल्यावर आम्ही भेटायला गेलो, तर ती भिंतीला पाठ टेकवूनच बसली होती. पाठीमागं जागा मोकळी ठेवायला तयार नव्हती. त्या दिवसापासून वस्तीवरच्या बायका, बिबट्या मान धरतो म्हणून, गळ्यात टोकं बाहेर काढलेल्या खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जायला लागल्या. आत्यांनीही घातला. मानेवर घट्टे पडले तरी काढला नाही. मी मुलीला दौंडला आईकडं नेऊन ठेवलं. परत येताना एसटीत मला रडू आलं, आणि ते मुलगी लांब राहिली म्हणून नव्हतं. मला परत त्या घरात जायचं होतं, म्हणून होतं.

पुढं वनखात्याच्या पिंजऱ्यात एक मादी सापडली. तिच्या गळ्यात पट्टा बांधून, अभ्यासासाठी तिला पुन्हा सोडलं. त्यावरून गावात बरीच भांडणं झाली, ती मी इथं सांगत बसत नाही. तिच्या मागावर राहायला विदर्भाकडची एक तरुण मुलगी गावात खोली घेऊन राहिली. बिबट्यांचा अभ्यास करणारी. सगळे तिला ताई म्हणायचे, मीही. पट्ट्यात दोन तऱ्हेची यंत्रं होती. एक तिची जागा उपग्रहामार्फत कळवायचं, पण ते काही तासांनी. तोवर ती कुठल्या कुठं गेलेली असायची. दुसरं साधं. ते दर क्षणाला एक टिचकी मारल्यासारखा तरंग सोडायचं, बस. तो पकडायला ताईकडं एक छोटा रिसीव्हर आणि माशाच्या काट्यासारखा अँटेना होता. काटा जिकडं रोखावा तिकडचं जास्त ऐकू येतं. मादी त्या बाजूला असेल तर टिक टिक मोठी, नसेल तर बारीक.

एक दिवस त्या अँटेनाची वायर तुटली. ताई शिरूरला न्यायला निघाली होती. मी म्हटलं, आणा इकडं. दौंडहून आणलेली सोल्डरिंगची काडी पेटीत होती. वायर जोडून दिली, जोडल्यावर तपासायला रिसीव्हर कानाला लावला, आणि उसाच्या अंगानं टिक, टिक, टिक. इतके दिवस ती नुसती गोष्ट होती. आता ती मला ऐकू येत होती.

"वहिनी, तुम्हाला यातलं कळतंय," ताई म्हणाली. "तुमच्या स्लॅबवरून मला रोज ऐकून सांगाल का? मी एका जागेवरून ऐकते, त्यावरून फक्त दिशा कळते. दोन जागांवरून ऐकलं की दोन रेषा मिळतात. त्या जिथं एकमेकींना छेदतात, तिथं ती."

मी हो म्हटलं. धाडस म्हणून नाही. घरात बसून खिडकीकडं बघण्यापेक्षा ते बरं वाटलं. ताईनं तिच्याकडचा जादा रिसीव्हर आणि काटा माझ्यापाशी ठेवला. ओढ्याकाठच्या घरांना तिनं दोन-दोन वॉकीटॉकीही दिले, एक घरात आणि एक शेतात न्यायला, कारण ओढ्याचा भाग खोलगट, तिथं मोबाईलला रेंज येत नाही. आत्यांना मी शिकवलं. "बोलायचं तर दाबायचं, ऐकायचं तर सोडायचं." त्यांनी दोन-चारदा करून पाहिलं. अंगणातून माझ्याशी बोलल्या, "काय गं, चहा झाला का?" आणि स्वतःच हसल्या.

तो दिवस दसऱ्याच्या आधीचा. झेंडू तोडणीला आलेला, पाऊस जाता जाता रेंगाळलेला, उसाची पानं सकाळी गच्च ओली. नवरा ट्रॅक्टरचं चाक पंक्चर झालं म्हणून हायवेवर गेला होता. तोडणीला येणाऱ्या बायका उशिरानं येणार होत्या. आत्या म्हणाल्या, "मी पुढं होते. निम्मी रांग तरी हुईल." मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, "फुलं थांबत्यात व्हय?" गळ्यात पट्टा, कमरेला सेट, डोक्यावर फुलं बांधायची चादर, अशा गेल्या.

थोड्या वेळानं सेटवर ताई बोलली. ती पलीकडच्या वस्तीच्या पाण्याच्या टाकीवर होती. "वहिनी, सिग्नल तुमच्या बाजूला सरकतोय. जरा वर जाऊन ऐका."

मी स्लॅबवर गेले. रिसीव्हर लावला. टिक टिक इतकी मोठी आली की मी आवाज कमी केला. अशी मोठी मी कधीच ऐकली नव्हती. पहिल्यांदा आत्यांना सांगायचं, हे कळत होतं. सेट तोंडाशी धरला, बटण दाबलं.

"आत्या, बिबट्या जवळ हाय. तोडायचं सोडा, मोटारीच्या खोलीत जा, आतून कडी घाला."

सोडलं. मग त्यांचा आवाज. "व्हय व्हय, चालले." मागं पावलांचा, धापा टाकण्याचा आवाज. दार करकरलं. "आत आले बघ," त्या म्हणाल्या.

आणि त्यानंतर खर्र व्हायला हवं होतं, ते झालंच नाही.

बटण सोडलं की पलीकडच्या सेटात एक छोटी खरखर होते. ती आली की समजायचं, आता आपली पाळी. मी वाट पाहत राहिले. खरखर येईना. येत होता तो श्वास. त्यांनी बटण सोडलंच नव्हतं. मुठीत घट्ट दाबून धरलं होतं. मी माझं बटण दाबून ओरडले, "आत्या, सोडा बटण, सोडा!" ओरडताना कळत होतं की उपयोग नाही. त्यांचा सेट बोलत होता, त्यामुळं बहिरा होता. आणि तो बोलत होता तोवर ती एकुलती वाट सगळ्यांसाठी बंद होती. ताईसाठीही.

मी मोबाईलवर ताईला फोन लावला. स्लॅबवर एका कोपऱ्यात रेंज यायची, तिथं उभी राहिले.

"मलाही त्याच ऐकू येतायत," ताई म्हणाली. तिचा आवाज सपाट होता, घाबरलेल्या माणसाचा मुद्दाम सपाट केलेला. "वनखात्याला फोन केलाय, ते निघालेत. वहिनी, तुमची दिशा सांगा. माझी रेष तुमच्या पोल्ट्रीच्या शेडवरून जाते, आणि तशीच पुढं मोटारीच्या खोलीवरून."

म्हणजे दोनपैकी एका ठिकाणी. मी काटा फिरवला. पोल्ट्रीच्या शेडकडं रोखला, टिक टिक मोठी. खोलीकडं रोखला, तिकडंही मोठी. दोन्हीकडं ती असणं शक्य नव्हतं. एक दिशा खरी होती आणि दुसरी पत्र्यावर आपटून आलेली. पोल्ट्रीचं शेड म्हणजे सगळा पत्रा. पण मधल्या ओल्या उसानं सरळ येणारा तरंग गिळला असेल आणि आपटलेलाच मोठा ऐकू येत असेल, असंही होतं. काटा एका जागी राहीना. मी कठड्याला कोपर टेकवलं. मनात एकच चाललं होतं, शेडकडं असू दे, शेडकडं असू दे. कोंबड्या नेल्या तर नेल्या. ऐकायचं सोडून मी मागणं मागत होते, हे लक्षात आल्यावर आणखीच घाबरले, कारण माझ्या कानावर आता माझाच विश्वास राहिला नव्हता.

मग आवाज बारीक बारीक करत गेले. आपटून आलेला तरंग वाटेत थकलेला असतो, बहुतेक वेळा तोच आधी मरतो. शेडकडची टिक टिक बारीक झाली, मग गेली. खोलीकडची राहिली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी ताईला सांगितलं, "खोलीच्या मागं. उसाच्या कडंला."

आणि नेमक्या तेव्हाच सेटवर आत्या स्वतःशी बोलायला लागल्या.

"कुणीच बोलंना. बिबट्या गेला वाटतं. जाते मी आता घरी, हितं काय न्हाई."

मग लोखंडाचा आवाज. कडी.

त्यांनी कडी काढली की घातली, ते आवाजावरून कळत नव्हतं. मी स्लॅबवरून जिवाच्या आकांतानं हाका मारल्या. वारा उलटा होता, ऊस सळसळत होता, हाक तिथंवर पोचणं अशक्य. खाली उतरून पळावं, तर वाट उसाच्या कडेनंच. फोनवर ताई ओरडत होती, "वहिनी, खाली जायचं नाही! ऐकताय का?" मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर होते. तिथंच थांबले. खोटं कशाला बोलू, शहाणपणानं थांबले नाही. पाय उचललेच नाहीत.

ताईचा फोन तोडून नवऱ्याला लावला. मी काय बोलले ते मला आठवत नाही. तो म्हणाला, "आलोच, पोरं घिऊन आलो." पण हायवे म्हणजे लांब. आणि तेवढ्यात ती खोली माझ्या डोळ्यांसमोर आली. चार भिंती, एक लोखंडी दार, भिंतीवर मोटारीचा स्टार्टर, आणि स्टार्टरच्या शेजारी ती पांढरी डबी. डबीत मोबाईलचं सिमकार्ड असतं. घरी बसून डबीला फोन करायचा, मोटार चालू होते. शेतावर चालत जायला नको. आमच्या खोलगटात तिला रेंज मिळत नव्हती, म्हणून गेल्या दिवाळीला आण्णा आले तेव्हा त्यांनीच तिच्या अँटेनाची वायर वाढवून खोलीच्या छतावर जुन्या पाइपाला उंच बांधली होती. माणसाच्या खिशातल्या फोनला तिथं रेंज नव्हती, डबीला होती.

"अहो," मी म्हटलं, "फोन ठेवा आन् मोटारीला लावा."

"काय?"

"मोटार चालू करा! तुमच्याच नंबरावरून होते ती. आत्यांनी बटण दाबून धरलंय, त्यांना काय ऐकू जात न्हाई. दचकून तरी हात सुटंल."

त्याला समजलं की नाही, मला कळलं नाही. त्यानं फोन ठेवला. मग मला आठवलं, लाईट आहे का? या आठवड्यात शेतीच्या लाईटची दिवसाची पाळी की रात्रीची? डोकं चालेना. खाली बघितलं तर शेजाऱ्याच्या पाटात पाणी चाललं होतं. म्हणजे लाईट होती.

मी सेट कानाशी धरला. फोनचा तरंग हायवेवरून टॉवरला, टॉवरवरून पाइपाच्या टोकाला. यायला निमिषही लागत नाही, हे मला माहीत होतं. पण मधे रिंग जाते, डबी फोन उचलते, मग फोनवर ठरलेला आकडा दाबावा लागतो. तेवढ्यात सेटवर दाराची करकर सुरू झाली. हळू. आत्या दार हळूच उघडत होत्या.

खटॅक्.

त्यांच्याच सेटमधून मला स्टार्टर लागल्याचा आवाज आला. मग मोटार घुमली. आणि आत्या किंचाळल्या. ती किंचाळी अजूनही मला अंगणात, आंघोळीला, कुठंही ऐकू येते. तिच्या मागोमाग काहीतरी आपटलं आणि खर्र झालं.

वाट मोकळी झाली होती. मी बटण दाबलं. आता माझी पाळी.

"आत्या, दार लावा. बाहेर येऊ नका. ती खोलीच्या मागं हाय. दार लावा, कडी घाला."

सोडलं. काही नाही. नुसता शांतपणा. एवढा वेळ त्यांचा श्वास ऐकून मला वाटत होतं, त्यापेक्षा वाईट काही नसेल. हे वाईट होतं. पुन्हा दाबलं, तेच सांगितलं, सोडलं. खाली पडून सेट फुटला असेल. त्या बाहेर पडल्या असतील. तिसऱ्यांदाही तेच सांगितलं, सोडलं.

मग सेट जिवंत झाला.

"व्हय," आत्या म्हणाल्या. मागं मोटारीचा घुमाट. "लावलं दार. कुठं हाय ती?"

"मागं, उसात. आत्या, बोलून झालं की बटण सोडत जा. सोडलं की मी तुमच्यापाशी येते."

"बरं," असं म्हणून त्यांनी लगेच सोडलं.

त्यानंतर सगळा वेळ मी बोलत राहिले. वाक्य बोलायचं, सोडायचं, त्यांचं "व्हय" ऐकायचं. मधे काटा फिरवायचा. मोटारीमुळं रिसीव्हरमध्ये खरखर भरली होती, तिच्यातून टिक टिक शोधावी लागत होती. पाइपातून पाणी हौदात धबाधबा पडत होतं, त्याला मादी बिचकली असेल किंवा तिला मुळात माणसाशी काही घेणंच नसेल, पण टिक टिक ओढ्याकडं सरकली. मग बारीक झाली. मी हे ताईला सांगितलं, ताईनं तिच्याकडून पाहून सांगितलं, "हो, माझी रेषही फिरली." तरी आत्यांना मी बाहेर या म्हटलं नाही. तरंग सांगत होता ती लांब आहे, आणि माझं अंग ऐकायला तयार नव्हतं.

नवरा, वनखात्याची माणसं आणि हायवेवरची चार-पाच पोरं गाडी घेऊन, फटाके वाजवत आत गेली. आत्यांना गाडीत बसवून आणलं. हातात सेट तसाच. पाणी प्यायला द्यावं म्हणून मी तो घ्यायला गेले तर बोटं उघडेनात. एकेक बोट सोडवावं लागलं.

मोटारीच्या खोलीमागं चिखलात पावलं होती. नवऱ्यानं ती पाहिली आणि मला सांगितलं नाही. वनखात्याच्या माणसानं सांगितलं. दारापासून फार लांब नव्हती.

दुपारी आत्या भाकरीचा तुकडा पुढ्यात घेऊन नुसत्या बसल्या होत्या. मी शेजारी बसले. रागावले नव्हते, पण विचारल्याशिवाय राहवेना.

"आत्या, बटण सोडायचं असं सांगितलं होतं ना?"

"ठावं होतं मला," त्या म्हणाल्या. "पण मला वाटलं, हात काढला की तार तुटंल. दाबून धरलं म्हंजी तू हाईस तिथं, असं वाटलं."

तार नव्हतीच, असं माझ्या तोंडावर आलं होतं. बोलले नाही. मीही स्लॅबवर त्यांचा श्वास ऐकत असताना, तो ऐकू येतोय तोवर त्या आहेत, असंच धरून बसले होते.

संध्याकाळी आण्णांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी पाइपाचं, डबीचं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "तुझ्या आईला सांगू नगंस. पोरीला अजून चार दिवस ठिव हितंच." आणि फोन आईकडं न देताच बंद केला.

दुसऱ्या दिवशी फुलं तोडायला जावंच लागलं. झेंडू उमलून पसरला होता, दसरा तोंडावर. तोडणीच्या बायका आल्या, पण बांधावरच थांबल्या, रांगेत शिरेनात. नवरा आणि दोन माणसं उसाच्या कडेला काठ्या घेऊन उभी राहिली. मी रिसीव्हर आणि काटा घेऊन बांधावर बसले. मला घरात बसायचं होतं. दार लावून, पलंगावर पाय घेऊन बसायचं होतं.

आत्या सगळ्यांच्या पुढं उभ्या होत्या. तोंड पांढरं पडलेलं, गळ्यात पट्टा. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"काय म्हणतंय ते?"

मी काटा चारी बाजूंना फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. ओढ्यापलीकडं फार बारीक, असून नसल्यासारखी टिक टिक. ओल्या उसामागं असली तर जवळूनही अशीच येईल, हे मला माहीत होतं. ताईला विचारलं, तिची रेषही ओढ्यापलीकडंच जात होती.

"लांब हाय," मी म्हटलं.

"बघ हां."

"लांब हाय, आत्या."

"मग ठीक," त्या म्हणाल्या, आणि मागच्या बायांना म्हणाल्या, "चला गं. ती म्हणती लांब हाय." आणि खाली वाकल्या. एकेक करत सगळ्या बायका वाकल्या, पाठी उसाकडं करून. मी कानाशी रिसीव्हर दोन्ही हातांनी दाबून धरला आणि एका क्षणापुरतीही मान खाली केली नाही.